चंदूचा खटला: ‘ओरु वडक्कन वीरगाथा’ आणि पुत्तूरम घरातलं वैर

केरळात एखाद्याला दगाबाज म्हणायचं असलं की ‘चतियन चंदू’ एवढं पुरतं. चतियन म्हणजे दगा देणारा. आपल्याकडे पक्ष बदलणाऱ्याला सूर्याजी पिसाळ म्हणतात, त्यातलाच प्रकार. १६८९ मध्ये रायगड नेमका कसा पडला याच्याशी म्हणणाऱ्याला काही देणंघेणं नसतं. नावाचीच शिवी झालेली असते. चंदूचं नाव असंच कित्येक पिढ्या शिवी म्हणून चाललं आणि १९८९ साली एका चित्रपटानं त्या निकालावर अपील केलं.

चित्रपट ‘ओरु वडक्कन वीरगाथा’, म्हणजे ‘उत्तरेकडची एक वीरगाथा’. उत्तर म्हणजे केरळाची उत्तर, मलबार. दिग्दर्शन हरिहरन यांचं, पटकथा एम. टी. वासुदेवन नायर यांची, निर्माते पी. व्ही. गंगाधरन आणि चंदू झालाय मामुट्टी. खलनायकाला नायक करणारी पुस्तकं-नाटकं आपण भरपूर पाहिली आहेत. कर्णावर तर मराठी वाचकानं आयुष्यभराचं प्रेम उधळलं. बहुतेक वेळा लेखक अडचणीची घटना गाळतो किंवा आरोपी थोर होता असं पानोपानी सांगत राहतो. एम.टीं.नी दोन्ही टाळलं. गाण्यात जे जे घडतं ते सगळं त्यांनी घडू दिलं आणि तरी चंदूला सोडवला. हे कसं जमलं, आणि त्याची किंमत कुणी दिली, हे मला इथे नीट उलगडून बघायचं आहे.

आरोपपत्र

वडकरा परिसरात, जुन्या कडत्तनाड भागात, जे पोवाडे गायले जात त्यांना ‘वडक्कन पाट्टुकळ’ म्हणतात. त्यांतल्या घटनांचा काळ साधारण सोळावं-सतरावं शतक मानतात. पाणन गायक ते गात फिरत, आणि भाताची लावणी करताना चिखलात वाकलेल्या बायका तेच गात. बायकांच्या तोंडी आल्यावर पोवाड्याची ओवी होते, आणि ओवीतला खलनायक कायमचा खलनायक राहतो, कारण ती कुणी वाद घालायला म्हणत नाही, हात चालावा म्हणून म्हणतं.

या गाण्यांत दोन घराणी मोठी, पुत्तूरम आणि तच्चोळी. पुत्तूरम हे चेकवरांचं घर. चेकवर म्हणजे तिय्या समाजातले द्वंद्व लढणारे योद्धे, आणि द्वंद्व हाच त्यांचा धंदा. दोन मातब्बरांचा तंटा काही केल्या मिटेना की दोघंही आपापला चेकवर आणत, त्याला पैशांची थैली देत, आणि उंच बांधलेल्या अंकतट्टावर एकाचा जीव जाईपर्यंत ते दोघे लढत. ज्याचा चेकवर उरला त्याची बाजू खरी. या लढतीला अंकम म्हणत. चेकवराचा भात तलवारीच्या टोकावर असतो, अशा अर्थाची एक ओळ या गाण्यांत येते. वकिलाच्या फीबद्दल आपण कुरकुरतो, तिथे वकीलच मरत होता.

तर उण्णिक्कोनार आणि उण्णिचंद्रोर या एकाच घराण्यातल्या दोघांत थोरला कोण यावरून भांडण लागलं. एकानं अरिंगोडर नावाचा मुरलेला चेकवर गाठला, दुसऱ्यानं पुत्तूरमच्या कण्णप्पन चेकवराचा मुलगा आरोमल. आरोमलबरोबर सोबती म्हणून गेला त्याचा आतेभाऊ चंदू. गाणं सांगतं की चंदू फितूर झाला होता. आरोपाची कलमं अशी: आरोमलच्या चुरिकेतली लोखंडी खीळ काढून बांबूची खीळ बसवावी आणि टाकणखार लावून झाळून टाकावी, यासाठी त्यानं लोहाराला सोळा पणं, म्हणजे तेव्हाची नाणी, दिली. (चुरिका म्हणजे आखूड तलवार, आपल्या सुरीची लांबची बहीण.) लढता लढता ती मोडली आणि आरोमलनं बदलीची चुरिका मागितली, तेव्हा ‘आणायला विसरलो’ म्हणाला. आरोमलनं मोडक्या तुकड्यानंच अरिंगोडरला मारलं, आणि दमून, जखमी होऊन चंदूच्या मांडीवर डोकं ठेवलं. तेव्हा चंदूनं कुत्तुविळक्काचा, म्हणजे समईचा दांडा त्याच्या जखमेत खुपसला.

पुढे आरोमलची बहीण उण्णियार्चा हिचा मुलगा आरोमलुण्णी मोठा झाला आणि त्यानं मामाचा सूड घेत चंदूला मारलं. फाईल बंद.

केरळच्या सिनेमानंही हाच निकाल मान्य केला होता. अलप्पुळाच्या उदया स्टुडिओचे कुंचाको यांनी १९६१ मध्ये ‘उण्णियार्चा’ काढला, १९७२ मध्ये प्रेम नझीरला घेऊन ‘आरोमलुण्णी’. त्यांचे भाऊ अप्पच्चन वेगळे झाले, त्यांनी नवोदया उभी केली आणि १९७८ मध्ये तच्चोळी घराण्यावर ‘तच्चोळी अंबू’ आणला, मल्याळममधला पहिला सिनेमास्कोप. म्हणजे घराण्यांच्या वैराची गाणी पडद्यावर आणणारेही दोन भावांचे दोन स्टुडिओ! या सगळ्या काळात चंदूची बाजू घ्यायचं कुणाच्या मनात आलं नाही. कपडे चकचकीत, नायक गोरागोमटा आणि चंदू काळ्या मनाचा, हे गणित तिकीटबारीवर चालत होतं.

भाचा

बाहेरून पाहिलं तर हे आरोमल आणि अरिंगोडर यांचं वैर वाटतं. चित्रपट ते वैर बाजूला सारतो आणि पुत्तूरमच्या ओसरीवर येऊन बसतो.

चंदू कण्णप्पन चेकवराच्या बहिणीचा मुलगा. आईबाप नाहीत, मामाच्या घरी वाढलेला. नात्यांचा हा पेच मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. मामाची मुलगी भाच्यानं करायची, ही रीत आपल्याकडच्या अनेक समाजांत आजही आहे. मल्याळममध्ये अशा हक्काच्या नवरीला ‘मुरप्पेण्ण’ असा शब्दच आहे. म्हणजे उण्णियार्चा ही रीतीनं चंदूची. त्यात भर अशी की मलबारात वारसा मुलाकडे न जाता भाच्याकडे जाण्याची मरुमक्कत्तायम पद्धत अनेक घराण्यांत होती. पुत्तूरमच्या गाण्यांत हा मुद्दा कुणी काढत नाही. पण ‘मामाच्या घरातला हुशार भाचा’ एवढं म्हटलं की तिथल्या प्रेक्षकाला आरोमलच्या पोटात काय ढवळतं ते कळतं. घरात मुलगा आहे, आणि मुलापेक्षा सरस असा एक परकाही आहे, ज्याला परका म्हणता येत नाही.

बाळन के. नायर यांनी कण्णप्पन चेकवर फार नेमका उभा केला आहे. मामाचा भाच्यावर जीव आहे आणि त्याचं कसब कळण्याइतकी नजरही आहे. पण मुलगा आणि भाचा यांत कुणाला पुढे करायचं हा प्रश्न आला की म्हातारा गप्प बसतो. या गप्प बसण्यावर अख्खा पहिला भाग उभा आहे. सुरेश गोपींचा आरोमल वाईट माणूस नाही. लाडावलेला आहे आणि आतून घाबरलेला. चंदू सराव करताना तो ज्या नजरेनं बघतो त्यात सगळं आलं. (हेच सुरेश गोपी २०२४ मध्ये त्रिशूरमधून लोकसभेवर निवडून येऊन केंद्रात राज्यमंत्री झाले. तो आरोमल आठवत आज त्यांची भाषणं ऐकली की मजा येते.)

अर्चेचं, म्हणजे उण्णियार्चेचं, लग्न दुसरीकडे, कुंजिरामनशी लागतं. चंदूला कुणी ‘नाही’ म्हणत नाही. त्याला कुणी विचारतच नाही.

साक्षीदार नसलेल्या तीन जागा

इथे एम.टीं.ची खरी चलाखी आहे. आरोपपत्रातल्या आणि त्याआधीच्या घटना एकेक करून पाहिल्या तर त्यांचे दोन गट पडतात. काही चारचौघांत घडल्या: चंदू अर्चेच्या घरी सापडला, अंकतट्टावर चुरिका मोडली, अरिंगोडर पडला, आरोमल मेला. शेकडो लोकांनी हे पाहिलं. त्यांना हात लावला तर प्रेक्षक म्हणेल, हा वेगळाच कुणी चंदू आहे. दुसऱ्या गटातल्या घटना बंद दाराआड घडल्या. अर्चेच्या घरात रात्री काय बोलणं झालं, लोहाराच्या भात्यापाशी कोण गेलं, आणि आरोमल विसावला होता तिथे दोघांत काय झालं, हे गाण्याला कसं कळलं? पाणन तिथे नव्हता. त्यानं पुत्तूरम घराकडून ऐकलं आणि गायलं.

बचाव पक्षाचा चांगला वकील हेच करतो. पाहिलेलं सगळं कबूल करतो आणि न पाहिलेल्यावर बोट ठेवतो.

पहिली जागा अर्चेचं घर. गाण्यातला चंदू वखवखलेला, नवरा घरी नाही हे पाहून शिरलेला. चित्रपटात तिनं बोलावलं म्हणून तो येतो. मग दाराशी माणसं येतात आणि अर्चा हात वर करते: मी नव्हतं बोलावलं. चंदू त्यावर तोंड उघडत नाही. उघडलं तर तिची अब्रू जाते, नाही उघडलं तर त्याची. तो स्वतःची देऊन टाकतो. इथून पुढे कुठल्याही आरोपावर त्याचं बोलणं कुणी खरं मानणार नाही, हे ठरून गेलं. पुढच्या दोन्ही आरोपांचा पाया या एका रात्रीत घातला जातो. पटकथेत नुसती घटना पेरणं सोपं असतं; पुढच्या घटनेवर विश्वास बसावा म्हणून आधीची पेरणं अवघड.

दुसरी जागा लोहाराची. चुरिका मोडली हे खरं, लोहाराला कुणीतरी गाठलं हेही खरं. चित्रपट एवढंच म्हणतो की गाठणारा हात चंदूचा नव्हता. अरिंगोडर मेला तर कुणाचं घर बुडणार होतं हे पाहिलं की तो हात कुणाचा असू शकतो हे प्रेक्षकालाच सुचतं. मजेची गोष्ट अशी की चंदू या वेळी मनापासून आरोमलच्या बाजूनं उभा असतो. अर्चेनं त्याला शब्द दिलेला असतो: भावाला सांभाळून आण, मग मी तुझी. म्हणजे गाण्यात ज्या माणसाला आरोमल मरायला हवा होता, त्याच माणसाला इथे आरोमल जगायला हवा आहे. हेतूच उलटा केला की कृतीला हात लावावा लागत नाही.

तिसरी जागा समईची. आरोमल घायाळ आहे आणि मोडलेल्या चुरिकेचा संशय चंदूवर घेऊन बसला आहे. चंदू जखम बांधायला पुढे होतो, आरोमल त्याच्यावर धावून जातो, झटापट होते आणि समई आपलं काम करते. बाहेरचे आत येतात तेव्हा काय दिसतं? रक्त, दांडा आणि शेजारी चंदू. मरता मरता आरोमल चंदूनं दगा दिल्याचं सांगून जातो. मरणाऱ्याचा जबाब. आजही कोर्टात त्याला वजन असतं, तेव्हा तर तो देवाचाच शब्द.

हा प्रसंग मी पुन्हा पुन्हा पाहिला. समई फ्रेममध्ये आधीपासून असते. गाणं माहीत असलेल्या प्रेक्षकाची नजर ती दिसल्यापासून तिच्यावरच खिळते. चित्रपटाला रहस्य ठेवायचंच नाही. त्याला प्रेक्षकाला वाट पाहायला लावायची आहे: आता हा उचलेल, आता हा खुपसेल. तो उचलत नाही, आणि तरी तेच होतं.

अरिंगोडर आणि अर्चा

बचावासाठी आणखी एका साक्षीदाराची गरज होती, तो म्हणजे अरिंगोडर. गाण्यात तो शत्रू म्हणून येतो आणि मरतो. कॅप्टन राजूंनी केलेला चित्रपटातला अरिंगोडर धंद्यानं मारेकरी आहे, पण नियमानं वागणारा. आरोमलची चुरिका मोडते तेव्हा तो थांबतो, त्याला दुसरं हत्यार घ्यायला उसंत देतो. त्याच उसंतीत आरोमल मोडका तुकडा फेकतो. गाणं याला शौर्य म्हणतं: मोडक्या हत्यारानं जिंकला! कॅमेरा तीच कृती चार हात अलीकडून दाखवतो आणि शौर्याचा रंग उडून जातो. गाण्यातली एकही गोष्ट इथे बदललेली नाही. बदललंय ते फक्त अरिंगोडर त्या क्षणी काय करत होता हे, आणि ते सांगायची गाण्याला गरज वाटली नव्हती. अख्ख्या चित्रपटात मला सर्वात पटलेली दुरुस्ती ही.

अर्चेची दुरुस्ती मात्र घशाखाली उतरत नाही.

गाण्यातली उण्णियार्चा ही मलबारची मर्दानी. अल्लिमलरकावाच्या उत्सवाला निघते, नवरा वाटेतच थरथरायला लागतो, आणि ही कमरेची उरुमी सोडून अंगावर आलेल्या टोळीला एकटी भिडते. उरुमी म्हणजे कमरेला गुंडाळता येणारं लवचिक पातं. आपला दांडपट्टा पाहिलेल्याला त्याच्या सपकाऱ्याची कल्पना येईल. इतक्या जुन्या गाण्यांत अशी बाई सहज सापडत नाही. चित्रपटात माधवीनं ती देखणी आणि करारी केली आहे, पण पटकथेला तिच्याकडून एकच काम हवं आहे: चंदूला फसवणं. तिनं एकदा शब्द फिरवला की चंदू बदनाम होतो, दुसऱ्यांदा फिरवला की उद्ध्वस्त. चंदूच्या डोक्यावरचं ‘चतियन’ काढून कुठेतरी ठेवायला जागा हवी होती, ती तिच्या डोक्यावर सापडली.

यावर असा युक्तिवाद होतो की अर्चाही त्या घराची कैदी आहे: भाऊ, नवरा, मुलगा यांच्या इभ्रतीत अडकलेली. असेल. पण चित्रपट तिला ते बोलू देत नाही. चंदूला पावणेतीन तास मिळाले. अर्चेला स्वतःची बाजू मांडायला दोन मिनिटंही नाहीत. तिच्या बंद दाराआड डोकावायचं एम.टीं.सारख्या माणसालाही सुचलं नाही याचं मला अजून नवल वाटतं, कारण १९८४ मध्ये भीमाच्या तोंडून अख्खं महाभारत सांगणारा लेखक हाच. ज्याला कुणी विचारलं नाही त्याच्याजवळ जाऊन बसण्याची त्यांची सवय होती. इथे मात्र एकालाच विचारलं.

बाकीचं थोडक्यात

दिसण्याबद्दल फार लिहीत नाही, ते पाहायचंच आहे. पी. कृष्णमूर्ती यांनी उदयाच्या काळातली मखमल आणि जर काढून टाकली. उघडी अंगं, मळकट कापड, लाल मातीचा कळरी आखाडा, तेलाचा उजेड. रामचंद्र बाबूंचा कॅमेरा त्या उजेडाच्या बाहेर फारसा जात नाही. काही भाग गुरुवायूरजवळच्या पुन्नत्तूर कोट्टामध्ये चित्रित झाला, जिथे आज देवस्थानाचे हत्ती असतात. हत्ती बघायला गेलेल्या मराठी पर्यटकांपैकी किती जणांना हे ठाऊक असतं कोण जाणे. संगीत बॉम्बे रवी यांचं. ‘चौदहवीं का चाँद’ वाले रवी. हिंदीतलं काम कमी झाल्यावर या माणसाला केरळनं नावामागे ‘बॉम्बे’ लावून आपलंसं केलं. ‘चंदनलेपसुगंधम’ ऐकताना हा माणूस मल्याळी नव्हता हे खरं वाटत नाही.

१९८९ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत पटकथा, कलादिग्दर्शन आणि वेशभूषा या तिन्हींचे मान या चित्रपटाला मिळाले. शेवटचे दोन्ही कृष्णमूर्तींना. मामुट्टीला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार याच्यासाठी आणि अडूर गोपालकृष्णन यांच्या ‘मतिलुकळ’साठी मिळून देण्यात आला. पुढे जयराज यांनी २०१७ मध्ये ‘वीरम’मध्ये चंदूला मॅकबेथच्या चौकटीत बसवलं. तिथे तो पुन्हा गुन्हेगार आहे. म्हणजे अपिलाचा निकालही शेवटचा नाहीच. २५ डिसेंबर २०२४ रोजी एम.टी. गेले, आणि दीडेक महिन्यानं, फेब्रुवारी २०२५ मध्ये, वीरगाथा नव्यानं उजळून पुन्हा थिएटरात लागला.

मक्कळे

चित्रपट सुरू होतो तो दोन तरुण चंदूला आव्हान द्यायला येतात तिथून, आणि संपतोही त्यांच्यापाशीच. एक आरोमलुण्णी, अर्चेचा मुलगा. दुसरा कण्णप्पनुण्णी, आरोमलचा. चंदू आता वयानं उतरलाय, एकटा राहतो. सगळा आरोप तो त्यांच्यासमोर स्वतःच्या तोंडानं, कलमवार म्हणून दाखवतो: खीळ, सोळा पणं, विसरलेली चुरिका, समई. जणू गाणं त्यालाही पाठ आहे. आणि पाठ असणारच, ऐकतच म्हातारा झाला. तुम्हाला मला हरवता येणार नाही हे सांगताना तो त्यांना ‘मक्कळे’ म्हणतो. बाळांनो. जीव घ्यायला आलेल्यांना. त्यातला एक, दिवस वेगळे असते तर, खरोखर त्याचा मुलगा असता.

मग तो लढतो आणि त्यांना हरवतो. पोरं मागे हटायला तयार नाहीत, कारण रिकाम्या हातानं पुत्तूरमला परतणं त्यांना शक्य नाही. तेव्हा चंदू आपलीच तलवार आपल्या अंगात खुपसतो.

हीसुद्धा साक्षीदार नसलेली जागा आहे. बाहेर कळेल ते एवढंच की अर्चेचा मुलगा गेला आणि चंदू मेला. पाणन तेवढंच गाईल, लावणीतल्या बायका तेवढंच म्हणतील, आणि त्यांच्या गाण्यातला एकही शब्द खोटा नसेल.